दोडक्याची भाजी आणि सिलिंडरवरचे नाव

२०२५ च्या जानेवारीत आई गेली आणि पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या घरात ब्याऐंशी वर्षांचे माझे वडील अण्णा आणि पन्नाशीला आलेला मी असे दोघेच उरलो. तोपर्यंत स्वयंपाकघरात माझी मजल चहा आणि क्वचित ऑम्लेट यापलीकडे गेलेली नव्हती. गल्लीतल्याच एक काकू दोन्ही वेळचा डबा देऊ लागल्या आणि अडीच-तीन महिने त्यावर निभावले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सांगितले की २० एप्रिलपासून मेअखेरपर्यंत त्या गावी जाणार आहेत. दुपारपुरता दुसरा डबा मिळाला, पण संध्याकाळचा कोणी देईना. अण्णांना बाहेरचे तिखट सोसत नाही आणि त्यांना रात्रीचे जेवण आठ वाजता लागते. मागितले नाही तरी पावणेआठला ते हातपाय धुऊन टेबलाशी येऊन बसतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात, त्या दिवसांत मिळतील त्या भाज्या आणून, रोज संध्याकाळी दोन माणसांचा साधा स्वयंपाक करणे मला भागच होते. हे जमायला मला सतरा दिवस लागले. माझ्यासारखे आणखी कोणी अशा वेळी ओट्यापाशी गोंधळून उभे असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून ही हकीकत तारीखवार लिहितो आहे.

सुरुवात भाजीपासून झाली नाही, गॅसपासून झाली. घरात दोन सिलिंडर होते, त्यातला एक रिकामा आणि दुसरा किती भरलेला आहे हे सांगता येणार नाही असा. जोडणी आईच्या नावावर होती आणि नोंदणी तिच्या मोबाइलवरून होत असे. तो क्रमांक मी फेब्रुवारीत, फुकटचा खर्च नको म्हणून, बंद करून टाकला होता. घरातले माणूस गेल्यावर त्याचा मोबाइल क्रमांक गॅस, बँक, वीजबिल यांची सगळी कामे होईपर्यंत चालू ठेवावा, एवढे कोणी मला वेळेवर सांगितले असते तर निदान दोन हेलपाटे वाचले असते.

९ एप्रिलला, बुधवारी, कार्यालयातून अर्धा दिवस रजा काढून गॅस वितरकाकडे गेलो. आदल्याच दिवसापासून सिलिंडर पन्नास रुपयांनी महागला होता, त्यामुळे खिडकीपाशी रांगेपेक्षा चर्चाच अधिक होती. जोडणी वारसाच्या नावे करण्यासाठी मृत्यूचा दाखला, आईच्या नावाचे मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (जोडणी घेताना मिळालेली अनामतीची पावती), गॅसचे पुस्तक, माझे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, केवायसीचा (ग्राहकाच्या ओळखीचा) अर्ज, इतर वारसांची ना-हरकत आणि नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र अशी यादी तिथल्या बाईंनी एका चिठ्ठीवर लिहून दिली. व्हाउचर म्हटल्यावर मी हबकलो होतो, पण आईने ते लोखंडी ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि आमच्या प्रगतिपुस्तकांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले सापडले. त्यावरची अनामत रक्कम आज वाचून हसू यावे इतकी लहान होती. वारसाच्या नावे करताना तीच कायम राहते, नव्या दराने फरक भरावा लागत नाही, ही या प्रकरणातली एकमेव सुखद बातमी. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक आणि टंकलेखन, नोटरी मिळून आणखी ३५० रुपये लागले. ना-हरकत अण्णांची घरच्या घरी झाली. बहीण नाशिकला असते. तिने मोबाइलवर पाठवलेली प्रत चालली नाही, मूळ सहीच हवी होती. मध्ये १० तारखेला महावीर जयंती, मग शनिवार-रविवार, मग १४ तारखेला आंबेडकर जयंती, असे करत कागद १५ तारखेला दाखल झाले. १६ तारखेला निरोप आला की अण्णांनी एका जागी पूर्ण सही आणि दुसरीकडे आद्याक्षरे केली आहेत, म्हणून पुन्हा गेलो. आधारच्या पडताळणीत माझ्या बोटांचे ठसे दोनदा नाकारले गेले. हात साबणाने धुऊन, कोरडे करून आल्यावर तिसऱ्यांदा यंत्राने मला ओळखले. ज्यांच्या घरी वयस्कर माणसाच्या नावावर जोडणी करायची असेल, त्यांनी ठशांची ही अडचण आधीच गृहीत धरावी. अण्णांऐवजी माझे नाव लावण्यामागे हेच कारण होते.

नाव बदलून मिळाले २१ एप्रिलला. पण काकू १९ तारखेचा रात्रीचा डबा देऊन गेल्या होत्या, त्यामुळे २० तारखेचा रविवार मला उरल्यासुरल्या गॅसवर काढायचा होता.

त्या रविवारी मी केलेल्या चुका आता क्रमाने सांगता येतात, तेव्हा मात्र एकही कळली नव्हती. पारा चाळिशीच्या पुढे होता आणि मी भाजी आणायला संध्याकाळी साडेपाचला गेलो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीवरचे दोडके हाताला कापसासारखे लागत होते. तरीही, भाजी शिजल्यावर मऊच होते, असा विचार करून मी ते घेतले. घरी येऊन सव्वासातला स्वयंपाकाला लागलो. बहिणीने फोनवर सांगितले होते, ‘‘दोडक्यात मूठभर मुगाची डाळ घाल, फोडणी नेहमीची, मीठ अंदाजाने.’’ मुगाची डाळ आधी भिजवायची असते हे तिने सांगितले नाही, कारण तिच्या लेखी ते सांगण्यासारखे नव्हतेच. ‘नेहमीची’ आणि ‘अंदाजाने’ हे दोन शब्द स्वयंपाक येणाऱ्यांनी न येणाऱ्यांशी बोलताना काही दिवस तरी वापरू नयेत, असे माझे मत झाले आहे. मी आधी सगळे चिरत बसलो, मग फोडणी केली, आणि वरणभाताचा कुकर लावायचा राहिला आहे हे आठ वाजायला पाच मिनिटे असताना लक्षात आले. अण्णा टेबलाशी येऊन बसले होते. कढईतली डाळ खड्यासारखी टणक होती. आठ वाजून वीस मिनिटांनी ज्योत लहान होत होत विझली.

अण्णांनी पावणेनऊला दूध-पोहे खाल्ले, वाटी स्वतः विसळून पालथी घातली आणि काही न बोलता झोपायला गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

पुढचे तीन दिवस शेजारच्या दुसऱ्या एका काकूंनी दिलेल्या इंडक्शनच्या शेगडीवर खिचडी, दहीभात आणि पुन्हा खिचडी यांवर गेले. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

२४ एप्रिलला, गुरुवारी, सिलिंडर आला. किंमत साडेआठशेच्या किंचित वर. तो घेताना मोबाइलवर आलेला चार आकडी संकेतांक पोचवणाऱ्याला सांगावा लागतो. नवा क्रमांक नोंदवलेला नसेल तर तिथे पुन्हा अडते. सील पाहावे आणि वजन करून मागावे. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन येते. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि याच क्रमाने डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. टाकीची पुढची तपासणी कधी आहे ते त्यावरून कळते, त्यामुळे ती मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये. आमची नळी मुदत संपलेली निघाली, ती बदलायला १९० रुपये गेले. रेग्युलेटर बसवल्यावर सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिले. ही सगळी माहिती आईला असणार, कारण स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर दीड-दोन महिन्यांनी तिच्या अक्षरात ‘सिलिंडर लावला’ एवढीच नोंद सापडते.

त्या संध्याकाळी डाळ भिजवलेली होती, कुकर सात वाजता लावलेला होता, आणि तरीही भाजी टाकून द्यावी लागली. दुधी होता, दारावर आलेल्या गाडीवरून घेतलेला, दिसायला कोवळा, नख सहज रुतणारा. भाजी शिजल्यावर मीठ पाहायला म्हणून अर्धा चमचा तोंडात घातला तर कडू जहर. पहिल्यांदा मला वाटले की माझी हळद करपली असेल. अण्णांनी ताटातल्या भाजीकडे हात नेला होता, तो मी थांबवला आणि बहिणीला फोन लावला. ‘‘दादा, ती फेकून दे आत्ताच्या आत्ता, गूळबीळ घालून सुधारायला जाऊ नकोस,’’ ती म्हणाली. दुधी, दोडका, काकडी या एकाच कुळातल्या भाज्या आहेत आणि त्यांच्यात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचे कडू द्रव्य वाढते. ते शिजवून जात नाही, आणि जास्त पोटात गेले तर उलट्या, जुलाब होतात, रक्तदाब घसरतो. कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसे दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही त्याबद्दल इशारा दिलेला आहे. यावर उपाय अगदी सोपा आहे. चिरण्यापूर्वी देठाकडची आणि मधली एकेक पातळ चकती जिभेला लावून पाहायची आणि कडू लागली तर थुंकून टाकून ते फळच बाजूला करायचे. बाहेरून पाहून कडू दुधी ओळखता येत नाही. त्या रात्री आम्ही वरणभात, तूप आणि भाजलेला पापड असे जेवलो. मात्र पाने आठ वाजून दहा मिनिटांनी मांडलेली होती, हे मी मनात नोंदवून ठेवले.

२६ एप्रिलला, शनिवारी, मी सकाळी आठला महात्मा फुले मंडईत गेलो. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या त्या दगडी इमारतीत उन्हाळ्यातही गारवा असतो. भाजी टिकायला तो गारवा उपयोगी पडतो, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आले. तोवर मी तिथे फक्त गणपतीच्या दिवसांत गेलो होतो. उंच गाळ्यावर बसलेल्या आजींना मी सरळ सांगितले की मला भाजीतले काही कळत नाही, दोन माणसांपुरता कोवळा दोडका द्या. त्यांनी दोडका हातात देऊन त्याची एक शीर वाकवायला सांगितली. ती काडकन मोडली तर दोडका कोवळा, वाकली तर जून. आकाराच्या मानाने जड लागणाऱ्यात पाणी नाही, बिया भरलेल्या असतात, असेही त्या म्हणाल्या. अर्धा किलो दोडके ४० रुपये, अर्धा किलो काकडी २०, एक मोठी कैरी १५, उन्हाळ्यामुळे हडकुळी झालेली कोथिंबिरीची जुडी २० आणि दुसऱ्या दिवसासाठी पावशेर भेंडी २०, असे ११५ रुपये झाले. कढीपत्ता त्यांनी तसाच पिशवीत टाकला. घरी आल्यावर दोडके आणि काकड्या ओल्या पंचात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. कोथिंबीर निवडून कागदात घातली. पोळ्यांच्या वाटेला मी अजून गेलेलो नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून बारा रुपयांना एक याप्रमाणे पाच पोळ्या साडेसहाला आणल्या.

त्या संध्याकाळचा क्रम मी कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवला होता. सहाला मुगाची डाळ भिजवली, दोन चमचे, मूठभर नव्हे. सव्वासहाला तांदूळ आणि तुरीची डाळ धुऊन ठेवली. पावणेसातला कुकर लावला आणि तीन शिट्ट्यांनंतर बंद केला. वाफ आपली आपण जिरायला पंधरा मिनिटे लागतात, ती शिट्टी उचलून वाचवायला जाऊ नये. त्या पंधरा मिनिटांत दोडके झाले. आधी प्रत्येकाची चकती चाखली. मग शिरा सोलाण्याने काढून एका वाटीत बाजूला ठेवल्या, मधली साल तशीच राहू दिली आणि दोडक्याच्या पातळ अर्धगोल फोडी केल्या. चिरताना त्यांचा ओला, काकडीसारखा पण किंचित मातकट वास येत होता आणि सुरीच्या दोन्ही बाजूंनी पाणी सुटत होते. रविवारच्या दोडक्यांना यातले काहीच नव्हते.

फोडणी हा माझ्या भीतीचा खरा विषय होता. मोहरी तडतडायच्या आत मी हळद घालत असे आणि मोहरी तडतडेपर्यंत ती काळी पडत असे. या वेळी डबे उघडून, चमचे घालून, क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडून ठेवले. दोन चमचे तेल तापल्यावर एक मोहरी टाकून पाहिली, ती लगेच उडाली तेव्हा बाकीची टाकली, तडतडणे थांबत आल्यावर जिरे, मग हिंग, कढीपत्ता, एक मिरची मोडून आणि शेवटी आच कमी करून हळद. त्यावर लगेच निथळलेली मुगाची डाळ आणि दोडका. फोडींनी कढई काठोकाठ भरली आणि एवढी भाजी कोण खाणार असे मला वाटले. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर दहा मिनिटांनी पाहिले तर ती निम्म्याहून खाली बसली होती. म्हणूनच मीठ सुरुवातीला घालायचे नाही, भाजी बसल्यावर तिचा खरा आकार पाहून घालायचे. हे मला बहिणीने नव्हे, मंडईतल्या आजींनी सांगितले होते. आत पाण्याचा थेंबही घालावा लागला नाही, दोडक्याचेच पाणी डाळ शिजायला पुरले.

आमटीत चिंचेऐवजी कैरीच्या चार फोडी घातल्या आणि आईच्या बरणीतला गोडा मसाला एक चमचा. बरणीवर तिच्या अक्षरात ‘मे २४’ अशी चिठ्ठी आहे. कैरीचा आंबटपणा सांगता येत नाही, म्हणून गूळ आधी थोडा घालून, उकळी आल्यावर चव पाहून वाढवावा. काकडी चोचवून, म्हणजे सुरीने बारीक कोचून, तिच्यात दाण्याचे कूट आणि लिंबू घातले. मीठ पाने घेण्याच्या क्षणी घातले, नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटते. उरलेल्या शिरा चमचाभर तेलावर कुरकुरीत परतून, तीळ, सुके खोबरे आणि मिरचीबरोबर मिक्सरमधून भरड काढल्या. अण्णांचे दात पाहता ती चटणी माझ्याच वाट्याची होती.

आठला पाच मिनिटे कमी असताना पाने मांडली. स्वयंपाकघरात पंखा लावता येत नसल्याने सदरा पाठीला चिकटला होता आणि उजव्या मनगटावर मोहरीचा एक चटका होता. अण्णांनी आधी भातावर आमटी घेतली, मग भाजी, मग पुन्हा भाजी. जेवताना ते बोलत नाहीत. हात धुताना म्हणाले, ‘‘आमटीत गुळाचा खडा अजून थोडा चालला असता. भाजी बरोबर होती.’’ मग जरा थांबून त्यांनी विचारले, ‘‘फ्रिजमध्ये भेंडी दिसली. उद्या आहे का?’’

उद्याच होती. भेंडी ओली चिरली की तार सुटते, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते. भांडी घासून झाल्यावर मी ती धुतली आणि रात्रभर कोरडी व्हायला ओट्यावर पंचा पसरून एकेक सुटी मांडली.